पातं किती खाली आणायचं?

इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावाजवळ लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरचे उभे तंतू फिरत्या पात्यांनी भादरणारं यंत्र तिथे चालायचं. एडविन बडिंग या कारागिराने तीच युक्ती गवताला लावली आणि 1830मध्ये पेटंट घेतलं. तोवर हिरवळ राखायची ती मेंढ्यांनी, नाहीतर लांब दांड्याचे विळे चालवणाऱ्या मजुरांनी. बडिंगच्या यंत्रात रूळ वर-खाली करून कापणीची उंची ठरवता यायची.

पुढे ही उंची उतरतच गेली, आणि त्याला मोठं कारण ठरला खेळ. 1935च्या अमेरिकी ओपन गोल्फ स्पर्धेत ओकमाँटच्या मैदानावर चेंडू इतके सुसाट घरंगळले, की एडवर्ड स्टिम्पसन या हौशी गोल्फपटूने हिरवळीचा वेग मोजायला उतरती लाकडी पन्हळ बनवली. 1970च्या दशकात अमेरिकी गोल्फ संघटनेने तिची सुधारित आवृत्ती मैदानांना पुरवली. वेगाला आकडा मिळाला आणि मैदानांमध्ये चढाओढ लागली. 1950च्या सुमारास सहा मिलिमीटरच्या आसपास असलेली कापणी आज तीन मिलिमीटरपर्यंत आली आहे.

एवढं खुजं राहून जगणारं गवत घडवावं लागलं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी हरळी आणि तिची आफ्रिकी बहीण यांच्या संकरातून 1956मध्ये ‘टिफग्रीन’ आणलं. 1965मध्ये त्याहून बुटकं ‘टिफड्वार्फ’ आलं.

या काळात जमिनीखाली काय चाललंय, याचंही उत्तर मिळालं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले फ्रँकलिन क्रायडर यांनी 1955मध्ये दाखवून दिलं, की एका वेळी निम्मा किंवा त्याहून अधिक पाला छाटला तर बहुतेक गवतांच्या मुळांची वाढ थांबते, काही वेळा कित्येक दिवस. अन्न पानात तयार होतं. पान गेलं की गवत साठवलेल्या अन्नावर आधी नवं पान काढतं आणि मुळं उपाशी राहतात. उथळ मुळांचं गवत पहिल्याच कडक उन्हात पिवळं पडतं. एका कापणीत एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची काढू नये, हा माळ्यांचा नियम याच्याशी जुळणारा आहे.

तणांचा हिशेब यालाच जोडलेला. खुज्या कापणीने विरळ झालेल्या गवतातून ऊन मातीपर्यंत पोचतं, माती तापते आणि क्रॅबग्रास या तणाचं बी रुजतं. पोआ अ‍ॅनुआ हे तण तर अगदी खुज्या कापणीतही बी धरतं, म्हणून गोल्फच्या हिरवळींवर ते हटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर 2,4-डी हे तणनाशक बाजारात आलं आणि उंचीचा प्रश्न जणू मागे पडला. पण ते रुंद पानांच्या तणांवर चालतं. तोवर लॉनच्या बियाण्यात मुद्दाम मिसळलं जाणारं पांढरं क्लोव्हर त्याने मारलं. गवताच्याच कुळातलं क्रॅबग्रास जागेवर राहिलं. टॉल फेस्क्यू या गवताच्या घरगुती लॉनसाठी अमेरिकी विद्यापीठं आता साडेसात सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उंची सांगतात.

विम्बल्डनवर 1995पासून सामन्यांसाठी गवत आठ मिलिमीटर ठेवतात. त्यासाठी स्पर्धेच्या काळात रोज कापणी होते, आणि 2001पासून तिथे फक्त रायग्रास पेरतात. त्याच देशात ‘प्लँटलाइफ’ ही संस्था 2019पासून मे महिनाभर यंत्र बंद ठेवायला सांगते आहे, रानफुलं आणि मधमाश्यांसाठी.

महाराष्ट्रातल्या लॉनवर हिशेब थोडा वेगळा. इथल्या हरळीची खोडं जमिनीलगत आणि जमिनीखाली पसरतात, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरची कापणी तिला सोसते. शेतकरी वैतागतात ते याच चिवटपणाला. झाडाच्या सावलीत मात्र ती विरळ होते. पावसाळ्यात कापणी लांबली आणि मग एकदम खाली पातं फिरलं, तर वरची हिरवी पानं जाऊन तपकिरी काड्या उरतात. जमिनीत गाठी धरून बसलेला लव्हाळा कापणीनंतर काही दिवसांतच पुन्हा वर येतो, आणि मोकळी झालेली जागा त्यालाच मिळते.