तुमचा कॉम्प्युटर कोणाकोणावर विश्वास ठेवतो?

शेजारच्या काकांचं ई-टेंडर अडकलं होतं. डिजिटल सहीचं टोकन लावलेलं, पासवर्डही बरोबर, पण सही काही होईना. सर्टिफिकेट उघडलं तर मुदतच संपलेली!

हे कुठे दिसतं? विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत सी-ई-आर-टी-एम-जी-आर, मग डॉट, मग एम-एस-सी टाइप करून एंटर मारा.

‘पर्सनल’मध्ये तुमची स्वतःची सर्टिफिकेटं असतात. डबल क्लिक केलं की कोणी दिलं, कोणाला दिलं, कधीपर्यंत चालेल, सगळं समोर.

खरी गंमत ‘ट्रस्टेड रूट’ या फोल्डरमध्ये आहे. यातल्या संस्थांनी ज्याची हमी दिली, त्याला विंडोज खरं मानतं. म्हणजे इथे भलतं कोणी घुसलं की बनावट साइटही अस्सल वाटू शकते.

२०१५ मध्ये हेच उघडकीला आलं. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर आधीपासूनच होतं आणि त्याने याच फोल्डरमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट बसवलं होतं. कहर म्हणजे अशा सगळ्या लॅपटॉपमध्ये त्या सर्टिफिकेटची गुप्त किल्ली एकच!

म्हणून यादी बघा जरूर, पण सफाईचा उत्साह आवरा. मुदत संपलेली काही रूट सर्टिफिकेटं विंडोजला जुन्या सह्या तपासायला लागतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचं रूट सर्टिफिकेट असणंही नेहमीचंच.

फायरफॉक्सची यादी वेगळी. ती त्याच्या सेटिंग्जमध्ये, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली.

यादीत अनोळखी नाव दिसलं तर उडवण्याआधी कमेंटमध्ये विचारा.