टाचेचं रक्त आणि माहेरचा नंबर

सकाळी ७:३०. भाईंदर पश्चिमेचं प्रसूतिगृह. रात्रपाळीच्या सिस्टरकडून वॉर्ड ताब्यात घेते. आधी मधुमेही आईचं बाळ. पोटात जादा साखर मिळाल्याने त्याचं इन्सुलिन वाढलेलं. नाळ कापल्यावर साखर झरझर उतरते. मेंदूचं मुख्य इंधन तेच. साखर फार खाली गेली आणि तशीच राहिली, तर पुढे फिट्स, नजरेचे दोष उद्भवू शकतात. ग्लुकोमीटर ४२ दाखवतो. डॉक्टरांना कळवते, बाळाला लगेच अंगावर पाजायला लावते.

९:३०. ४८ तास झालेल्या बाळांची टाच टोचायची, तीही कडेला. "बाळ एवढं गुटगुटीत आहे, कशाला रडवताय?" आजी विचारतात. जन्मतः थायरॉइड कमी असलेली बरीच बाळं सुरुवातीला अशीच दिसतात. आईकडून आलेलं संप्रेरक काही दिवस सांभाळून घेतं. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाला हा विकार असतो. रेंगाळलेली कावीळ, बद्धकोष्ठ, सुस्ती लक्षात येईपर्यंत मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे निघून जातात.

१२:००. रक्ताची कार्डं सावलीत आडवी सुकताहेत. मी फॉर्म भरते. "मीरा रोडचा पत्ता आहेच, पण बाळंतपणाला राहणार कुठे?" चिपळूणला. मग बाळंतिणीच्या आईचा नंबरही घेते.

२:००. आधीच्या एका कार्डाचा रिपोर्ट: टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉइड कमी असण्याची शंका. बाळाच्या वडिलांचा फोन बंद, आईच्या माहेरचा लागतो. शिरेतलं रक्त आजच तपासायला सांगते. निदान पक्कं झालं, तर थायरॉक्सिनची गोळी चुरून थोड्या दुधात, रोज एकदा. लोह-कॅल्शियमच्या औषधासोबत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच शिकतात.

३:३०. बाह्यरुग्ण विभागात शाळकरी मुलगा. त्याची थायरॉक्सिनची गोळी फार उशिरा सुरू झाली. बोलणंही उशिरा आलं. वर्गात लक्ष टिकत नाही. शाळेची तक्रार, "मस्तीखोर आहे." डॉक्टर आईला सांगतात, "ताई, हा लाडाचा परिणाम नाही. ओरडू नका. गोळी चुकवू नका, थेरपी चालू ठेवा."

गोव्यात सरकारी रुग्णालयांतल्या नवजातांची अशी तपासणी २००८ मध्ये सुरू झाली. देशभर मात्र ती अजून सक्तीची नाही. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी तुम्हीच विचारा: बाळाच्या टाचेचं रक्त घेतलं का, आणि रिपोर्ट कोणत्या नंबरवर कळवणार?