गावच्या कामासाठी लेथ घेताना

तिवसा हे अमरावतीहून नागपूरला जाणाऱ्या हमरस्त्यावरचे तालुक्याचे गाव. ट्रॉलीचा बुश झिजला, बागेतल्या पंपाचा शाफ्ट खराब झाला, की तेवढ्यासाठी अमरावती गाठायची. तेव्हा गावातच एक लेथ टाकावे, असे आयटीआय झालेल्या एखाद्या मुलाच्या मनात आले तर नवल नाही. पण श्रोतेहो, त्यापायी घरचे सोने किंवा वावराचा तुकडा गहाण पडतो. म्हणून जरा सबुरीने घ्या.

यंत्र केवढे घ्यावे, हे दारात येणाऱ्या कामावरून ठरवा. बेडची लांबी सगळेच विचारतात, स्पिंडलचे भोक मात्र कोणी पाहत नाही. पंपाचा लांब शाफ्ट त्या भोकात शिरला, तर त्याचे टोक चकजवळ धरून नीट कातता येते. चक दोन हवेत. तीन जबड्यांचा चक गोल काम झटपट धरतो खरा, पण झिजलेला, वाकडातिकडा भाग नेमका मध्यावर आणायला चार जबड्यांचाच लागतो. आणि दुरुस्ती म्हणजे बहुधा असलेच काम.

जुने यंत्र घ्यायचे तर रंगावर जाऊ नका. बहुतेक काम आखूड असते, त्यामुळे बेड चकजवळ जास्त झिजतो. तिथे कॅरेज बेताने घट्ट करा आणि टेलस्टॉककडे सरकवत न्या. पुढे ते अडू लागले तर झीज आहे, असे समजा. मग इंचभर जाडीची सळई चकमध्ये धरून सहा इंच बाहेर ठेवा. टेलस्टॉकचा आधार देऊ नका. मधला भाग खोल कातून दोन बाजूंना दोन कडी राखा, हत्याराची खोली न बदलता दोन्हींवरून एकच हलका छेद घ्या आणि मायक्रोमीटर लावा. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक गावच्या कामाला चालून जाईल. जास्त भरला तरी लगेच यंत्राला नावे ठेवू नका. पाय असमान टेकून बेड पिळला असला, तरी असेच होते.

आट्यांचे गिअरही मोजून घ्या. लीडस्क्रू इंची असेल तर १२७ दात्यांचा गिअर बरोबर मागा; त्यावाचून मिलिमीटरच्या आट्या तंतोतंत पडत नाहीत. हरिहरला १९४१ साली निघालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ जुन्या बाजारात अजून दिसते. तो कारखाना आता बंद आहे, तेव्हा हरवलेला गिअर सहजी मिळेल या भरवशावर राहू नका.

आणखी एक. रोही-रानडुकरांनी वैतागलेला एखादा शेतकरी बंदूक घेऊन येईल, ‘एवढी पिन करून दे ना भाऊ’ म्हणेल. त्याच्याजवळ परवाना असला तरी तो बंदूक बाळगण्याचा, दुरुस्तीचा नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. गोड बोलून त्याला परवानाधारक कारागिराकडे पाठवा.

आता जागा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी टाकून यंत्र उभे केले, की चांगला बेडही पिळतो आणि काम निमुळते निघते. काळी माती काढून मुरमापर्यंत खणा, तिथून काँक्रीट उचला. बेडवर दोन्ही टोकांना आडवी लेव्हल लावून, पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या देत बुडबुडा मध्यावर आणा. वीजजोडणी तीन फेजची मिळेल का, हे मोटार घेण्याआधी विचारून ठेवा. पहिला पावसाळा सरला, की लेव्हल पुन्हा लावून पाहा.