प्रोसेसर शंभर टक्क्यांवर: डेटाबेस सर्व्हरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डेटाबेसवर चालणाऱ्या वेब ॲप्लिकेशनच्या सर्व्हरवर प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांच्या घरात गेला की यंत्र अपुरे पडत असल्याचा निष्कर्ष काढला जातो, आणि पाठोपाठ सर्व्हर रीस्टार्ट करणे, कनेक्शनची मर्यादा वाढवणे किंवा मोठे यंत्र भाड्याने घेणे यांपैकी काहीतरी घाईघाईने केले जाते. हे उपाय कधीकधी लागू पडतातही. पण बहुतेक वेळा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते, कारण प्रोसेसर नेमका कशात गुंतला आहे हे पाहण्याआधीच उपचार सुरू झालेला असतो. येथील विवेचन लिनक्सवर चालणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसला धरून केले आहे, कारण वेब ॲप्लिकेशनांत ही जोडी फार मोठ्या प्रमाणावर आढळते.

पहिला गैरसमज असा की वापर जास्त असणे हाच बिघाड होय. रात्री अहवाल तयार करणारे एखादे काम चारही कोअर पूर्ण वापरत असेल आणि त्या वेळी कोणीही पानाची वाट पाहत नसेल, तर पैसे मोजून घेतलेला प्रोसेसर कामाला लागला आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. त्रास सुरू होतो तो रांग लागल्यावर. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनींच्या गर्दीवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून पुढे रांगांचे शास्त्र उभे राहिले. त्यातील सर्वांत साध्या प्रतिमानानुसार, म्हणजे विनंत्या अनियमित अंतराने येत असून काम करणारा एकच आहे असे धरले तर, वापर ५० टक्के असताना प्रतिसादाला मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. शेवटच्या थोड्या टक्क्यांत संकेतस्थळ एकाएकी कोसळल्यासारखे वाटते ते यामुळेच. अनेक कोअर असलेल्या यंत्रात हा चढ अधिक उशिरा येतो, पण येतोच.

आकडे वाचण्यातही गफलत होते. ‘टॉप’ या आज्ञेत एखाद्या प्रोसेससमोर ३८० टक्के असा आकडा दिसला की मोजणीच बिघडली असे वाटते; वस्तुतः तेथे एका कोअरचे शंभर टक्के धरलेले असतात, त्यामुळे चार कोअरच्या यंत्रावर कमाल ४०० होते. ‘लोड ॲव्हरेज’ म्हणजे प्रोसेसरचा वापर, ही समजूत त्याहून अधिक पसरलेली आहे. मागील १, ५ आणि १५ मिनिटांचा कल दाखवणारे हे तीन आकडे लिनक्समध्ये चालू असलेल्या व प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या कामांबरोबरच, १९९३ साली झालेल्या एका बदलापासून, डिस्कच्या प्रतीक्षेत अडकलेली कामेही मोजतात. म्हणून लोड ४० असूनही प्रोसेसर जवळजवळ रिकामा असू शकतो. अशा वेळी दोष डिस्ककडे शोधावा लागतो आणि प्रोसेसर वाढवून हाती काहीच लागत नाही. म्हणूनच एकूण टक्केवारीपेक्षा तिची फोड महत्त्वाची ठरते. ‘यूएस’ हा रकाना प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कामाचा, ‘एसवाय’ ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने खर्च केलेल्या वेळेचा, ‘डब्ल्यूए’ डिस्कची वाट पाहत रिकाम्या राहिलेल्या वेळेचा, आणि ‘एसटी’ म्हणजे आभासी यंत्राला हवा असताना वरच्या यंत्रणेने न दिलेल्या वेळेचा. यूएस चढलेला असेल तर बहुधा क्वेऱ्या किंवा ॲप्लिकेशनचा कोड तपासावा लागतो. एसवाय चढलेला असेल तर सतत उघडबंद होणारी कनेक्शने किंवा थ्रेडांची अदलाबदल यांचा संशय घ्यावा लागतो.

‘टॉप’च्या यादीत सर्वांत वर मायएसक्यूएलचे नाव दिसले की डेटाबेस सदोष आहे किंवा त्याची सेटिंग्ज चुकली आहेत असे मानले जाते. डेटाबेस सांगितलेले काम करत असतो, आणि ते काम अवाढव्य कसे झाले हे क्वेरी पाहिल्याशिवाय कळत नाही. समजा, एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर देवघेवीच्या २० लाख नोंदींचे टेबल आहे आणि सभासदाच्या मोबाइल क्रमांकावरून त्याच्या नोंदी शोधल्या जातात. त्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी क्रमवार सूची, नसेल तर प्रत्येक शोधासाठी वीसच्या वीस लाख नोंदी तपासल्या जातात. इंडेक्स असेल तर त्याच्या झाडासारख्या रचनेत तीन-चार पाने उलटून नेमक्या नोंदी सापडतात. येथे आणखी एक चकवा आहे. सगळे टेबल मेमरीत मावते, मग पूर्ण वाचन झाले तरी बिघडते कुठे, असा युक्तिवाद केला जातो. मेमरीत मावल्यामुळे डिस्कची प्रतीक्षा टळते हे खरे, पण त्यामुळेच प्रोसेसर क्षणभरही न थांबता नोंदींमागून नोंदी तपासत राहतो आणि दोष डिस्कच्या आकड्यात न दिसता प्रोसेसरच्या आकड्यात दिसू लागतो.

इंडेक्स केला म्हणजे तो वापरला जाईलच, असेही नाही. मोल्सवर्थच्या शब्दकोशात विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारा शब्द काढणे सोपे असते, पण ‘वाडी’ने संपणारे सगळे शब्द काढायचे तर कोश पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा लागतो. ‘लाइक’ या शोधात टक्क्याचे चिन्ह आधी आणि शब्द नंतर दिला की डेटाबेसची नेमकी हीच स्थिती होते. तारखेच्या रकान्यावर वर्ष काढणारे फंक्शन लावून २०२४शी तुलना केली तरी तारखेवरचा साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो, आणि तीच अट १ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५च्या आधीपर्यंत अशी लिहिली की तो कामी येतो. सर्वांत फसवी चूक प्रकारभेदाची. मोबाइल क्रमांक मजकूर म्हणून साठवलेला असताना क्वेरीत तो अवतरणचिन्हांशिवाय, संख्या म्हणून लिहिला गेला, तर मायएसक्यूएलला प्रत्येक नोंदीतील मजकुराचे संख्येत रूपांतर करून तुलना करावी लागते. इंडेक्स जागच्या जागी असतो, उत्तरही बरोबर येते, आणि तरीही पूर्ण टेबल वाचले जाते. क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन’ लिहिले की डेटाबेस आपली योजना दाखवतो. तेथे ‘टाइप’ या रकान्यात ‘ऑल’ आणि ‘रोज’ या रकान्यात लाखांतला आकडा आला, तर शोध बराच जवळ आला असे समजावे.

संथ क्वेऱ्यांची नोंदवही, म्हणजे ‘स्लो क्वेरी लॉग’, कोरी आहे, सबब क्वेऱ्या निर्दोष आहेत, हा निष्कर्षही टिकत नाही. हा लॉग मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी संथपणाची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते. वरच्या उदाहरणातील शोधाला प्रोसेसरचा अर्धा सेकंद लागतो असे धरले तर तो या लॉगमध्ये कधीच उमटणार नाही. पण सेकंदाला असे आठ शोध आले तर दर सेकंदाला चार सेकंदांचे काम साचते आणि चार कोअरच्या यंत्राची क्षमता पूर्ण संपते. त्याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे एका यादीसाठी एक क्वेरी आणि यादीतील प्रत्येक ओळीसाठी आणखी एक, अशा वेगवेगळ्या शंभर-दोनशे छोट्या मागण्या करणारा कोड. त्यातील एकेक क्वेरी निर्दोष असते, ओझे त्यांच्या संख्येचे असते. म्हणून मर्यादा एका सेकंदाच्या आत आणावी आणि एका क्वेरीचा वेळ न पाहता एकाच घडणीच्या सर्व क्वेऱ्यांचा एकत्रित वेळ पाहावा, जो मायएसक्यूएलच्या ‘परफॉर्मन्स स्कीमा’त बेरीज करून ठेवलेला असतो. शोधाच्या या टप्प्याला जेवढा वेळ द्यावा तेवढा थोडाच, कारण बहुतांश प्रकरणे येथेच उलगडतात.

कनेक्शन संपल्याचा संदेश येऊ लागला की मूळची १५१ ही मर्यादा वाढवून ५०० केली जाते. कनेक्शने संपतात ती बहुधा क्वेऱ्या लांबल्यामुळे, आणि चार कोअरवर एका क्षणी चारच थ्रेड चालू शकतात. आरक्षण केंद्राच्या चार खिडक्यांसमोर दारातून पाचशे माणसे एकदम आत सोडल्याने तिकिटे लवकर निघत नाहीत, उलट रेटारेटीत खिडकीवरच्या माणसाचाही वेळ जातो. कनेक्शन पूल किंवा पीएचपीच्या प्रोसेसांची संख्या मर्यादित ठेवून रांग डेटाबेसच्या बाहेर लावणे हेच हिताचे. क्वेरी कॅश चालू करण्याचा जुना सल्ला तर आता बादच समजावा: टेबलात एक नोंद बदलली तरी त्या टेबलाची साठवलेली सगळी उत्तरे रद्द करणारी ही सोय २०१८ साली आलेल्या मायएसक्यूएल ८.० मधून काढून टाकण्यात आली.

मोठे यंत्र घेण्याविषयी एवढेच म्हणता येईल की पूर्ण टेबल वाचणारी क्वेरी दुप्पट कोअरही खाते, फक्त थोड्या उशिराने. मात्र क्लाउडवरील काही छोटी यंत्रे याला अपवाद आहेत. ॲमेझॉनच्या २०१४ साली आलेल्या टी२ मालिकेतील ‘मायक्रो’ यंत्राला सातत्याने एका कोअरचे १० टक्केच मिळतात, त्यापलीकडचा वापर साठवलेल्या क्रेडिटांतून होतो आणि ती संपली की यंत्र मंदावते. ‘एसटी’चा आकडा चढलेला असेल तर क्वेऱ्या सुधारतानाच यंत्राचा प्रकारही बदलावा लागतो.

राहिला रीस्टार्ट. त्याने तुंबलेल्या क्वेऱ्या मरतात आणि तासाभरासाठी शांतता लाभते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण परफॉर्मन्स स्कीमातील बेरजा मेमरीतच राहत असल्याने त्या पुसल्या जातात, म्हणजे पुरावाच नष्ट होतो. निदान चालू क्वेऱ्यांची यादी आणि ‘टॉप’चे चित्र तरी आधी जतन करून ठेवले पाहिजे. रीस्टार्टचा भ्रम सर्वांत ठळकपणे उघडा पडला तो २०१२ साली. ३० जूनच्या अखेरीस, म्हणजे भारतीय वेळेनुसार १ जुलैच्या सकाळी ५ वाजून २९ मिनिटांनंतर, जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद घालण्यात आला आणि त्याच सुमारास अनेक लिनक्स सर्व्हरांवर मायएसक्यूएल व जावा यांचे प्रोसेस विनाकारण पूर्ण कोअर वापरू लागले. लिनक्सच्या गाभ्यातील सूक्ष्म टायमर प्रत्यक्ष घड्याळाच्या एक सेकंद पुढे गेले होते, त्यामुळे सेकंदापेक्षा कमी वेळ झोपायला निघालेला प्रत्येक थ्रेड तत्क्षणी जागा होई आणि पुन्हा झोपायला जाई. क्वेऱ्या तेवढ्याच होत्या, वाचकही तेवढेच होते. मायएसक्यूएल बंद करून पुन्हा सुरू केला तरी वापर उतरत नव्हता. ‘डेट’ या आज्ञेने सर्व्हरला तीच वेळ पुन्हा एकदा लावून दिली की तो काही क्षणांत खाली येत होता.