आजोबांची बंदूक : कौतुकही हवे, कागदही हवा



घरात पिढीजात आलेली बंदूक ही काही नुसती वस्तू नसते. आजोबांनी तिच्या जोरावर भाताची राखण केलेली असते, लग्नाच्या वरातीत तिचा बार काढलेला असतो आणि दसऱ्याला तिला झेंडूचे फूल वाहिलेले असते. मलंगगडाच्या पायथ्यापासून बारवी धरणाच्या काठापर्यंत कोणत्याही गावात जुन्या माणसांपाशी बसा, अशा एखाद्या बंदुकीची गोष्ट निघतेच. मात्र ती बंदूक आज कोठे आहे आणि तिचा परवाना कोणाच्या नावावर आहे, असे विचारले की पुष्कळांची पंचाईत होते. म्हणून हा लेख.

आपल्या भागाला बंदूक नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित बांधव आले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी लोकांच्या तोंडी अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच आहे. शेजारी अंबरनाथला १९५० नंतरच्या काळात सरकारचा ऑर्डनन्स कारखाना उभा राहिला. आसपासच्या गावांतील कितीतरी घरांची चूल त्या पगारावर पेटली.

जुन्या बंदुकीत असे काय आहे?

चांगला सुतार नांगराचे रुमणे धन्याच्या उंचीला बेतून बसवतो. चांगल्या बंदुकीचेही तसेच. लंडनच्या पर्डी किंवा बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या दोनशे वर्षांच्या जुन्या पेढ्या घेणाऱ्याच्या हाताची लांबी आणि खांद्याची ठेवण पाहून अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घडवीत. नळी आणि तिच्यामागचा भाग एकमेकांना नेमका चिकटतो की नाही हे पाहण्यासाठी कारागीर त्यावर दिव्याची काजळी धरी. काजळी जेथे पुसली जाई तेथे कानस मारायची, पुन्हा काजळी धरायची. असे करता करता सांध्यात केसही शिरणार नाही इतकी बसणी जमे.

काही जुन्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. ती वरून कोरलेली नसते. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या सुंभासारख्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव करीत. नक्षी म्हणजे त्या पिळाचेच वळ. नळी तयार झाली की जादा दारू भरून तिची परीक्षा घेत आणि उतरली तरच तिच्यावर शिक्का मारीत. ‘बारा बोअर’ हा शब्दही त्याच काळचा. एक रतल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी जितकी जाड भरेल तितके नळीचे तोंड.

ठासणीच्या बंदुकीची गंमत आणखी निराळी. दारू मापून ओतायची, बोळा घालायचा, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची आणि मग एकच बार! तो चुकला तर सारे पहिल्यापासून. असली बंदूक माणसाला धीर शिकवते. परदेशात या ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीचे आंतरराष्ट्रीय सामने भरतात ते याच गोडीपायी.

पण जपून!

जेवढी जुनी वस्तू देखणी, तेवढी ती फसवीही असते. पिळाच्या नळ्या धुराच्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या. आजच्या काडतुसातील बिनधुराची दारू नळीवर निराळा आणि जास्त जोर टाकते. नळीला आतून गंज चढलेला असेल, तर फुटलेली नळी आधी धरणाऱ्याचाच हात नेते. जुन्या काही दुनळ्यांत काडतुसाची खोली आखूड असते. तीत आजचे लांब काडतूस बसलेले दिसते, पण उडताना त्याचे तोंड पुरते उघडत नाही आणि दाब वाढतो. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत चुकून घातले तर ते पुढे सरकून अडकते. मागून बाराचे काडतूस उडवले, की अनर्थ झालाच.

ठासणीच्या बंदुकीत आणखी एक धोका आहे. ती भरलेली आहे की रिकामी, हे वरून कळत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेट घेते. तेव्हा माळ्यावरची प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा. पोरांच्या हाती देऊ नका, चुलीजवळ नेऊ नका, भंगारवाल्याला घालू नका. परवानाधारक बंदूक-कारागिराने तपासल्याशिवाय तिचा चाप ओढू नये.

कायदा काय म्हणतो?

‘जुनी आहे, मग परवाना कशाला?’ असा एक समज गावोगाव आहे. तो अर्धवट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या पद्धतीच्या हत्यारांना सूट आहे खरी, पण ते हत्यार दुरुस्ती करूनही उडू शकणार नाही असे असेल तरच. लोहाराने दोन तासांत चालू करून दिली, तर ती सूट उरत नाही. बिनपरवाना बंदूक बाळगल्यास तुरुंगवास होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला फार तर दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली.

परवानाधारक वारला म्हणजे परवाना मुलाकडे आपोआप जात नाही. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती जपून ठेवावी. भावा-बहिणींचे ‘हरकत नाही’ असे लेखी घेऊन एका वारसाच्या नावाने अर्ज करावा. आपले गाव पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असेल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण हद्दीत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. हद्द माहीत नसेल तर जवळच्या ठाण्यात विचारावे.

पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यात आहे. पण परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. रानडुकराने भात लोळवले तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. नुकसानीचा अर्ज मात्र वेळेवर करावा, तो आपला हक्क आहे.

हौस कशी भागवावी?

ज्यांना जुनी शस्त्रे पाहायची आहेत त्यांनी मुलांना घेऊन बदलापूरची लोकल धरावी आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रह हेही पाहण्यासारखे आहेत. ज्यांना नेम धरायचा आहे त्यांच्यासाठी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक आणले. खेड्यातल्या पोराची नजर कोठवर पोचते ते त्याने दाखवले.

घरची बंदूक ठेवायची असेल तर रीतसर ठेवा, तेलपाणी करा, कुलपात ठेवा. ठेवायची नसेल तर रीतसर जमा करा किंवा परवाना असलेल्याला कायद्याने विका. आजोबांचे नाव त्यामुळे कमी होत नाही. उलट त्यांची बंदूक पंचनाम्यात लिहिली गेली, तर त्या नावाला बट्टा लागतो. तेव्हा आज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ट्रंकेतला परवाना काढा आणि त्यावरची तारीख घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या.