जुनी बंदूक अडखळते तेव्हा...

अमेरिकेत शरद ऋतू उजाडला की बदके आणि फेझंट या पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि वर्षभर कपाटात पडून असलेल्या वडिलोपार्जित बंदुका बाहेर निघतात. त्यांत पाठीला चौकोनी कुबड असलेली एक बंदूक दुरूनही ओळखू येते. ही ब्राउनिंग कंपनीची 'ऑटो-५'. ती चांगली पाच काडतुसे झाडणारी म्हणून ख्यातनाम. परंतु अनेकदा पहिला बार उडतो आणि रिकामी पुंगळी आतच अडकून बसते. बंदूक म्हातारी झाली, असा निष्कर्ष काढून मालक तिला मोडीत काढायला निघतो. प्रत्यक्षात अनेकदा एक पोलादी कडी चुकीच्या जागी बसलेली असते, एवढेच.

भारतात शिकारीवर कायद्याने बंदी असल्याने या बंदुकीशी येथील वाचकाचा संबंध येण्याचे कारण नाही. मात्र शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे एक यंत्र का अडते आणि त्याचा दोष कसा शोधावा, ही कथा यंत्राविषयी कुतूहल असलेल्या कोणालाही रंजक वाटावी.

जन्मकथा

जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाने ही रचना १८९८ च्या सुमारास सिद्ध केली आणि १९०० मध्ये तिचे पेटंट मिळवले. तोवर विंचेस्टर कंपनी त्याच्या रचना ठोक रकमेला विकत घेत असे. या वेळी त्याने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे मानधन मागितले आणि बोलणी फिसकटली. मग तो रेमिंग्टन कंपनीकडे गेला; पण जानेवारी १९०२ मध्ये, भेटीच्या दिवशीच, त्या कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. अखेर ब्राउनिंगने बेल्जियममधील लिएजजवळच्या हर्स्टाल येथील एफएन कारखाना गाठला आणि तेथे उत्पादन सुरू झाले. पुढे १९०५ पासून रेमिंग्टननेही परवान्याखाली हीच रचना 'मॉडेल ११' या नावाने बनवली. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर हे काम जपानच्या मिरोकू कंपनीकडे गेले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस थांबले. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या 'ए-५' बंदुकीला तेच कुबड असले, तरी तिचे अंतरंग निराळे आहे. पुढील विवेचन तिला लागू नाही.

धक्क्यावर चालणारे यंत्र

बार उडताच बंदूक खांद्यावर आदळते, हा धक्का सर्वांच्या परिचयाचा. ऑटो-५ मध्ये तोच धक्का कामाला जुंपलेला आहे. बार उडाल्यावर नळी आणि तिला मागून बंद करणारा बोल्ट एकमेकांना जखडलेल्या अवस्थेतच मागे सरकतात. बोल्ट तेथे अडकून राहतो; नळी मात्र स्प्रिंगच्या जोराने पुढे परतते. बोल्टने धरून ठेवलेली पुंगळी अशा रीतीने नळीतून मोकळी होऊन बाहेर फेकली जाते. त्यानंतर बोल्ट सुटतो आणि नवे काडतूस नळीत लोटतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते.

नळी किती जोराने मागे जाईल हे काडतुसावर अवलंबून असते. हलके काडतूस कमी धक्का देते, भारी काडतूस जास्त. दोन्हींसाठी एकच बंदूक चालावी म्हणून ब्राउनिंगने घर्षणाचा आधार घेतला. नळीच्या खाली काडतुसे साठवणारी मॅगझिनची नळी असते. तिच्यावर मोठी स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला ब्राँझची दुभंगलेली कडी बसते. नळी मागे येताना ही कडी आवळली जाते आणि सायकलच्या ब्रेकच्या रबराप्रमाणे गती रोखते.

कड्यांचा हिशेब

ब्राँझच्या कडीबरोबर एक पोलादी कडी असते आणि तिच्या आतील एका कडेला उतार दिलेला असतो. भारी काडतुसांसाठी ती स्प्रिंग आणि ब्राँझची कडी यांच्यामध्ये, उताराची बाजू ब्राँझकडे करून बसवतात. अशाने ब्राँझची कडी दोन्ही बाजूंनी आवळली जाते. हलक्या काडतुसांसाठी पोलादी कडी काढून स्प्रिंगच्या मागे, बंदुकीच्या मुख्य सांगाड्याला टेकवून ठेवतात. मग ब्रेक निम्माच लागतो. तीन इंची मॅग्नम काडतुसांच्या बंदुकीत कड्यांची संख्या वेगळी असते, म्हणून त्या त्या बंदुकीची माहितीपुस्तिका पाहणे श्रेयस्कर.

भारी मांडणीत हलके काडतूस वापरले, तर नळी पुरती मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. हा दोष लगेच लक्षात येतो. याच्या उलट चूक अधिक घातक, कारण तेव्हा बंदूक सुरळीत चालते. हलक्या मांडणीत भारी काडतुसे उडवली, तर प्रत्येक बाराला पोलाद पोलादावर आदळते, खांद्याला जादा दणका बसतो आणि पुढच्या लाकडी मुठीला तडे जातात. तडा गेलेली मूठ दिसली, तर कड्या आणि स्प्रिंग आधी तपासाव्यात. नवी मूठ बसवून मांडणी तशीच ठेवली, तर तीही फुटेल.

तेलाचेही असेच आहे. मॅगझिनच्या नळीवर तेलाचा पुसट थर पुरे. ती माखली, तर ब्रेक घसरतो. कोरडी किंवा गंजलेली राहिली, तर अतिरेकी घट्ट लागतो.

स्प्रिंगचे वय

कड्या योग्य असूनही दोष राहिला, तर स्प्रिंगकडे वळावे. मोठी स्प्रिंग दशकानुदशके दबून राहिल्याने आखूड आणि निर्जीव होते. तिची किंमत फारशी नसते आणि जुन्या बंदुकीत ती बदलणे शहाणपणाचे. पुंगळी बाहेर पडते पण बोल्ट पुढे पूर्ण मिटत नाही, असे असेल तर दस्त्याच्या आत दडलेल्या दुसऱ्या स्प्रिंगवर संशय घ्यावा. तिच्या नळकांड्यात जुने तेल घट्ट होऊन राळेसारखे चिकटते; कडाक्याच्या थंडीत त्रास अधिकच वाढतो. मात्र दस्ता उतरवणे जाणत्या कारागिराचे काम आहे.

काडतुसाची लांबी

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक सोळा बोअर बंदुका ६५ मिलिमीटर काडतुसांसाठी घडवलेल्या आहेत. आज मिळणारे काडतूस सहसा ७० मिलिमीटरचे. ते आत सहज बसते, कारण ही लांबी तोंडाची घडी उलगडल्यानंतरची असते. बार उडताना घडी उलगडायला जागा उरत नाही आणि नळीतील दाब वाढतो. शिवाय लांबलेली पुंगळी लहान खिडकीतून बाहेर पडत नाही. येथे कड्या बदलून काहीही साधत नाही. जुन्या सोळा बोअरचे माप कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय बार उडवू नये.

छऱ्यांबाबतही दक्षता हवी. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे. पर्याय म्हणून आलेले पोलादी छरे बेल्जियममध्ये बनलेल्या जुन्या नळ्यांतून उडवू नयेत, अशी खुद्द ब्राउनिंग कंपनीची सूचना आहे.

तपासणीचा क्रम साधा आहे. बंदूक आणि मॅगझिन रिकामे असल्याची दोनदा खात्री. मग काडतुसाचे माप, कड्यांची जागा, स्वच्छता आणि शेवटी स्प्रिंगा. उघडताना पुढची टोपी सावकाश सोडावी, कारण मागे दबलेली स्प्रिंग असते. जोडताना ती पूर्ण आवळावी. या क्रमाने गेल्यास बहुतेक दोष बंदूक न फोडता सापडतात आणि तिचे आयुष्य वाढते.