पाण्यातला चकवा

रानात वाट चुकलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे म्हणतात, याला चकवा लागला. रात्रभर चालून पहाटे तो जिथून निघाला त्याच झाडाखाली येऊन उभा राहतो. अमेरिकेच्या दक्षिणेला, लुईझियाना राज्यात, असाच एक चकवा पाण्यात राहतो. त्याच्या जिवावर सिनेमाचा एक अख्खा प्रकार उभा राहिला: थोडक्या पैशांत काढलेले, दलदलीत घडणारे सूडपट. गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. बाहेरची माणसं होडीतून आत शिरतात, तिथल्या केजन लोकांची कुरापत काढतात आणि मग एकेक करून त्या हिरव्या पाण्यात संपतात. हे सिनेमे मी पाहू लागलो ते थरारासाठी. पण पाहता पाहता एका हुसकावलेल्या समाजाची आणि एका अचाट भूमीची ओळख होत गेली.

आधी ती भूमी पाहू. अचाफलायाचं खोरं हा अमेरिकेतला नदीकाठचा सर्वांत मोठा दलदलीचा प्रदेश. १९७३ मध्ये त्याच्यावरून महामार्गाचा पूल खुला झाला, तो जवळजवळ २९ किलोमीटर लांब आहे. गाडीतून इतका वेळ खाली पाहत राहावं, तरी पाणी आणि झाडंच दिसतात. झाडं बाल्ड सायप्रसची. बुंधा पाण्यापाशी फुगलेला, आणि भोवताली मुळांमधून वर आलेले लाकडी सुळके. त्यांना तिथे 'गुडघे' म्हणतात, आणि ते खरंच पाण्यात बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांसारखे दिसतात. फांद्यांवरून राखाडी जटा लोंबत असतात. या जटांना 'स्पॅनिश मॉस' म्हणतात, पण त्या स्पेनच्याही नाहीत आणि शेवाळही नाहीत. ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, आणि पावसाच्या व हवेतल्या ओलाव्यावर ती जगते. झाडांमधून संथ वाहणाऱ्या प्रवाहाला म्हणतात 'बायू'. हा शब्द मूळचा चोक्टॉ या तिथल्या आदिवासी भाषेतला.

इथे चकवा लागतो कसा? जमिनीला उतार जवळजवळ नसतो, म्हणून पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते कळत नाही. झाडीमुळे क्षितिज दिसत नाही. पावलांचे ठसे उमटत नाहीत. पूर आला की काल जिथे वाट होती तिथे आज पाणी असतं आणि हातातला नकाशा खोटा ठरतो. त्यात पाण्यावर हिरवळ पसरलेली असते, ती पाहून डोळ्यांना वाटतं की इथे जमीन आहे. ही हिरवळ आपल्याही ओळखीची आहे. पुण्याच्या मुळा-मुठेत आणि पवनेत माजणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. १८८४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला भरलेल्या कापसाच्या प्रदर्शनातून ती लुईझियानाच्या पाण्यात पसरली, असं सांगितलं जातं.

चकव्यामागे आपल्या मेंदूचाही हात आहे. जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांना घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ झाकोळलं की ती गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर परत येऊ लागली, आणि आपण सरळच चाललोय असं त्यांना वाटत राहिलं. म्हणजे आजीच्या गोष्टीतला चकवा खरा होता, फक्त तो झाडावर बसलेला नव्हता.

आता हाच चकवा पैसे नसलेल्या निर्मात्याच्या नजरेनं पाहा. सेट उभारायला नको, कारण असा सेट कुठलाही कलादिग्दर्शक बांधू शकणार नाही. मोटारींचा पाठलाग दाखवायचा तर रस्ते बंद करावे लागतात, गाड्या फोडाव्या लागतात. इथे दोन मोटरबोटी आणि पेट्रोल पुरतं, आणि वळणावळणाचा बायू उरलेलं काम करतो. पात्रं मोजकी, कपडे साधे, ऊन फुकट. पुन्हा ग्राहकही ठरलेला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चार हजारांहून अधिक ड्राइव्ह-इन, म्हणजे मोटारीत बसून पाहायची उघडी चित्रपटगृहं होती, आणि त्यांना दर आठवड्याला नवा खुराक हवा होता. तिथे पोस्टर आणि नाव यांवर धंदा चाले. १९५७ चा 'बायू' नावाचा चित्रपट आधी पडला. १९६१ मध्ये तोच 'पुअर व्हाइट ट्रॅश' या झोंबणाऱ्या नावानं पुन्हा आणला, आणि ड्राइव्ह-इनमध्ये तो चालला.

या प्रकाराचं अगदी नमुनेदार उदाहरण म्हणजे १९७४ चा 'गेटर बेट', म्हणजे ॲलिगेटरसाठी लावलेलं आमिष. फर्ड आणि बेव्हर्ली सेबास्टियन या नवरा-बायकोनं तो मिळून दिग्दर्शित केला. लेखन बेव्हर्लीचं, कॅमेरा फर्डचा. घरच्या उद्योगासारखा काढलेला हा सिनेमा आहे. नायिका डेझिरे थिबोडो ही अनवाणी फिरणारी, चोरून शिकार करणारी केजन तरुणी, आणि ती भूमिका केली क्लॉडिया जेनिंग्जनं. तिच्यावर खुनाचा खोटा आळ येतो, शेरिफ आणि एक सूडानं पेटलेलं कुटुंब तिच्या घरावर चालून जातात आणि तिच्या बहिणीला मारतात. मग ती त्यांना दलदलीत ओढत नेते. स्त्रीदेहाकडे पाहण्याची या सिनेमाची नजर बाजारू आहे, आणि त्यातली हिंसा पाहवत नाही. तरी त्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथे दलदल हे तिचं अंगण आहे. पाठलाग करणाऱ्यांकडे बंदुका जास्त आहेत, माणसं जास्त आहेत, पण कुठल्या वळणापलीकडे काय आहे हे एकटी ती जाणते.

हीच कल्पना पुढे वॉल्टर हिलनं जास्त पैशांत आणि कितीतरी जास्त खोलात जाऊन मांडली, १९८१ च्या 'सदर्न कम्फर्ट'मध्ये. साल १९७३. नॅशनल गार्डची, म्हणजे अर्धवेळ राखीव सैनिकांची, एक तुकडी सरावासाठी दलदलीत उतरते. नकाशावरची वाट पाण्याखाली गेलेली असते. समोर शिकाऱ्यांच्या रिकाम्या होड्या दिसतात. या होड्यांना पिरोग म्हणतात: उथळ, सपाट तळाच्या, पूर्वी सायप्रसचं एकच खोड कोरून केलेल्या. सैनिक त्या न विचारता घेऊन जातात. काठावर मालक येऊन उभे राहतात, तेव्हा एक सैनिक गंमत म्हणून त्यांच्यावर मशीनगन चालवतो. तिच्यात फक्त बार असतात, गोळी नसते. पण काठावरच्यांना ते कसं कळावं? उत्तरादाखल खरी गोळी येते आणि तुकडीचा प्रमुख कोसळतो. त्यानंतर मारेकरी जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतात ती त्यांची कुत्री, त्यांचे सापळे, कोसळती झाडं.

व्हिएतनामचं युद्ध संपून तेव्हा सहा वर्षं झाली होती, त्यामुळे बहुतेकांनी या सिनेमात तेच युद्ध पाहिलं. मला मात्र त्यात आणखी जुनी जखम दिसते.

केजन लोक मूळचे अकेडियाचे, म्हणजे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातले फ्रेंच शेतकरी. ब्रिटिश राजाशी विनाअट निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांची घरं जाळली आणि १०,००० हून अधिक माणसांना जहाजांत घालून देशोधडीला लावलं. कुटुंबं फुटली. त्यांतले काही १७६४ पासून लुईझियानात पोचू लागले आणि बायूंच्या काठी वसले. 'अकेडियन' घासून 'केडियन' झालं, आणि त्याचंच पुढे 'केजन'. १९२१ च्या राज्यघटनेनं शाळांत इंग्रजी सक्तीची केली, आणि फ्रेंच बोलताना सापडलेल्या मुलांना 'मी फ्रेंच बोलणार नाही' असं पुन्हा पुन्हा लिहायची शिक्षा होऊ लागली.

हे कळल्यावर 'सदर्न कम्फर्ट'मधला एक हात नसलेला शिकारी वेगळाच दिसू लागतो. सैनिक त्याला पकडतात, इंग्रजीत ओरडतात, मारतात. तो फ्रेंचमध्ये बोलतो. पुढे तोच माणूस रेल्वेमार्गापाशी उभा राहून सरळ इंग्रजीत सांगतो की इथे आम्ही राहतो, हे आमचं घर आहे. त्याला इंग्रजी पहिल्यापासून येत होती. त्यानं ती राखून ठेवली होती, जशी पाण्यातली वाट राखून ठेवली होती.

शेवट तर थक्क करणारा आहे. वाचलेले दोन सैनिक एका केजन गावात पोचतात. डुकरं कापली जात आहेत, जेवण शिजतंय, जोडपी नाचताहेत. व्हायोलिन वाजवतोय खराखुरा ड्यूई बाल्फा. १९६४ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात हजारो श्रोत्यांनी याच्या संगीताला डोक्यावर घेतलं होतं. जे संगीत घरीदारी गावठी म्हणून हिणवलं जात होतं, ते जपण्यासाठी त्यानं पुढचं आयुष्य वेचलं. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा सन्मानाच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत तो होता. पडद्यावर दोराचे फास टांगले जातात. ते डुकरांसाठी आहेत, पण सैनिकांचे डोळे त्यांत स्वतःची मान पाहतात. मारेकरी खरोखर गावात पोचलेले असतात, त्यामुळे ही भीती खोटी नाही. मात्र सैनिकांना कोण मारेकरी आणि कोण यजमान, हे ओळखता येत नाही. कारण गाण्यातलं एक अक्षरही त्यांना कळत नाही. गाणं आहे पिण्याचं, लग्नाच्या कटकटींची थट्टा करणारं.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मी चाटच पडलो. या सिनेमातली दलदल केजन मुलुखातली नाहीच. तिचं चित्रीकरण झालं राज्याच्या दुसऱ्या टोकाला, टेक्ससच्या सीमेवरच्या कॅडो तलावात, कडाक्याच्या थंडीत. झाडं तिथली, पण त्या झाडांना घरपण दिलं ते बाल्फाच्या व्हायोलिननं आणि त्या शिकाऱ्यानं. एकदा घरातून हुसकावलेल्या माणसांनी दुसरं घर अशा जागी केलं, जिथे नुसतं पोचायलाही पाणी वाचता यावं लागतं. ज्याला ते वाचता येतं, त्याला तिथे चकवा लागत नाही.